प्रसामान्य वितरणातून यादृच्छिक संख्या काढताना: आर आणि पायथन वापरणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

आर या भाषेत एक ओळ लिहिली की प्रसामान्य वितरणातून काढलेल्या दहा लाख यादृच्छिक संख्या क्षणात हाती येतात, त्यांचा आलेख ओळखीच्या घंटाकृती आकाराचा दिसतो आणि काम नीट झाले असे वाटते. मात्र त्या एका ओळीत तीन निर्णय आपण नकळत घेतलेले असतात. सूत्राने अचूक उत्तर मिळत असताना संख्या काढण्याची गरज होती का, त्या संख्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत हे आपण कशाच्या आधारावर मानले, आणि हाती आलेल्या उत्तरात त्रुटी किती आहे, हे ते तीन निर्णय. माझ्या मते यांतला दुसरा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते, म्हणून या लेखात त्याला सर्वाधिक जागा दिली आहे.

माध्य, प्रमाण विचलन आणि संभाव्यता या कल्पना वाचकाला माहीत आहेत असे धरले आहे. फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रोग्रॅममध्ये नावे आणि अंक दोन्ही अर्थातच रोमन पद्धतीने टंकावे लागतील.

सर्व टप्प्यांसाठी एकच उदाहरण घेऊ. समजा, एका डेअरीत अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशव्या भरणारे यंत्र आहे. पिशवीत सरासरी ५०३ मिलिलिटर दूध जाते, प्रमाण विचलन २ मिलिलिटर आहे, आणि २४ पिशव्यांचा एक क्रेट भरतो. भरलेल्या दुधाचे आकारमान प्रसामान्य वितरणाने वागते असे तूर्त मानू.

चार फंक्शने आणि त्यांचे चार प्रश्न

आरमध्ये प्रसामान्य वितरणासाठी चार फंक्शने आहेत: डीनॉर्म, पीनॉर्म, क्यूनॉर्म आणि आरनॉर्म. पहिले अक्षर बदलले की विचारलेला प्रश्न बदलतो.

पीनॉर्मला एखादी मर्यादा दिली की तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी मूल्य येण्याची संभाव्यता मिळते. पिशवीत ५०० मिलिलिटरहून कमी दूध असण्याची संभाव्यता पीनॉर्म(५००, ५०३, २) या एका ओळीने ०.०६६८ अशी मिळते, म्हणजे शंभरात साधारण सात पिशव्या कमी भरतात. क्यूनॉर्म याच्या उलट दिशेने जाते. कमी भरलेल्या पिशव्यांचे प्रमाण एक टक्क्यावर आणायचे असेल, तर क्यूनॉर्म(०.०१) हे उणे २.३२६३ देते, म्हणून यंत्राची सरासरी ५०० + २ × २.३२६३, म्हणजे ५०४.६५ मिलिलिटरवर लावावी लागेल. डेअरीच्या व्यवस्थापकाला खरे तर एवढेच उत्तर हवे असते, आणि त्यासाठी एकही यादृच्छिक संख्या काढावी लागली नाही.

डीनॉर्म घनता देते आणि घनता म्हणजे संभाव्यता नव्हे. माध्य शून्य आणि प्रमाण विचलन ०.१ असताना डीनॉर्म शून्यापाशी ३.९८९ हे उत्तर देते. संभाव्यता एकाहून मोठी असूच शकत नाही, हे लक्षात ठेवले तर हा गोंधळ कायमचा टळतो. घनतेचा उपयोग वक्र काढण्यासाठी आणि मुख्यतः संभाविता (लाइकलिहूड, म्हणजे मानलेल्या माध्य-विचलनाशी निरीक्षणे किती जुळतात याचे माप) मोजण्यासाठी होतो. चौथे फंक्शन आरनॉर्म हे संख्या काढून देते.

पायथनमध्ये सायपाय या वैज्ञानिक गणनेच्या पॅकेजच्या स्टॅट्स विभागातील नॉर्म या वस्तूवर पीडीएफ, सीडीएफ, पीपीएफ आणि आरव्हीएस या नावांनी हेच चार प्रश्न विचारता येतात. किरकोळ कामासाठी वेगळे पॅकेजही लागत नाही, कारण पायथनच्या ३.८ आवृत्तीपासून मूळच्या स्टॅटिस्टिक्स विभागात नॉर्मलडिस्ट नावाची सोय आहे.

दुसरा आकडा कोणता अर्थ घेऊन येतो

पुस्तकात प्रसामान्य वितरण लिहिताना कंसात माध्य आणि प्रचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, देण्याची प्रथा आहे. आर, नमपाय (पायथनचे अंकगणिताचे पॅकेज), सायपाय आणि स्टॅन (बेजियन विश्लेषणाची भाषा) यांची एकचल फंक्शने मात्र प्रमाण विचलन मागतात. प्रचरण ४ आहे म्हणून कोणी आरनॉर्मला ४ दिला तर प्रोग्रॅम तक्रार करत नाही, संख्या येतात, आलेखही घंटाकृतीच दिसतो, फक्त पसरण दुप्पट झालेली असते. बग्ज आणि जॅग्ज या बेजियन विश्लेषणाच्या भाषांत तर याहून मोठा सापळा आहे. तेथे फंक्शनचे नाव डीनॉर्मच असते, पण त्याचा दुसरा आकडा प्रचरणाचा व्यस्त असतो, म्हणजे आपल्या उदाहरणात २ किंवा ४ ऐवजी ०.२५ द्यावा लागतो. आरमधला प्रोग्रॅम जॅग्जमध्ये नेताना ही ओळ दोनदा वाचावी.

बहुचल वितरणाकडे जाताना प्रथा पुन्हा उलटते. आरच्या मास पॅकेजमधील एमव्हीआरनॉर्म आणि नमपायचे मल्टिव्हेरिएट नॉर्मल ही दोन्ही फंक्शने सहप्रचरणाचा मॅट्रिक्स (कर्णावर प्रचरणे आणि इतरत्र चलांच्या जोड्यांची सहप्रचरणे असलेला तक्ता) घेतात, त्यामुळे कर्णावर प्रमाण विचलन न लिहिता त्याचा वर्ग लिहावा लागतो.

मिळालेल्या संख्यांचे प्रमाण विचलन मोजतानाही भाषाभेद आहे. आरचे एसडी हे फंक्शन एकूण संख्येतून एक वजा करून भागते, तर नमपायचे एसटीडी मूळ संख्येनेच भागते आणि एक वजा करायचा असेल तर तसे स्पष्ट सांगावे लागते. दहा हजार संख्यांवर हा फरक दिसत नाही. पाच पिशव्यांच्या नमुन्यावर मात्र तो दहा टक्क्यांहून मोठा असतो.

शेपटीत शिरताना

शेपटी म्हणजे वितरणाचा माध्यापासून दूरचा, निमुळता भाग. सूत्राने उत्तर मिळते तेथे सूत्रच वापरावे, हे वर आलेच आहे. पण सूत्रही योग्य बाजूने विचारावे लागते. माध्यापासून ९ प्रमाण विचलनांहून पलीकडचे मूल्य येण्याची संभाव्यता काढण्यासाठी पुष्कळ जण एकातून पीनॉर्म(९) वजा करतात आणि उत्तर शून्य येते. संगणक सुमारे सोळा सार्थ अंक सांभाळतो आणि पीनॉर्म(९) हे एकाच्या इतके जवळ असते की ते पूर्ण एकच म्हणून साठवले जाते. लोअर.टेल हा पर्याय फॉल्स ठेवून तोच प्रश्न विचारला तर १.१३ × १०⁻¹⁹ हे खरे उत्तर मिळते. सायपायमध्ये यासाठी एसएफ हे वेगळे फंक्शन आहे.

याहून पलीकडे, म्हणजे उणे ४० वर, तर संभाव्यता संगणकाला साठवता येईल अशा सर्वांत लहान संख्येहूनही लहान होते आणि पीनॉर्म कोणत्याही बाजूने विचारले तरी शून्य देते. तेथे लॉग.पी हा पर्याय ट्रू ठेवून लॉगॅरिदमच मागावा. उत्तर उणे ८०४.६१ असे येते आणि पुढचे गणित लॉगॅरिदममध्येच करता येते. संभावितेच्या गणनेत शेकडो निरीक्षणांच्या घनता एकमेकींनी गुणायच्या असतात, तेव्हाही गुणाकार न करता डीनॉर्मकडून लॉगॅरिदम घेऊन त्यांची बेरीज करावी. हा नियम मी अपवादाविना पाळावा असे सुचवतो, कारण गुणाकार शून्यावर गेल्याचे प्रोग्रॅम कधीच सांगत नाही.

संख्या येतात कोठून

संगणक येण्यापूर्वी यादृच्छिक संख्यांचे छापील तक्ते वापरत. संख्याशास्त्रज्ञ टिपेट यांचा ४१,६०० अंकांचा तक्ता १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसामान्य वितरणातून काढलेल्या नमुन्यांचे तक्ते प्रशांतचंद्र महालनोबिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३४ मध्ये ‘संख्या’ या भारतीय संशोधनपत्रिकेत छापले. आज आपण आरनॉर्मला जे काम सांगतो, ते त्या काळी कोलकात्यात हाताने होत होते.

आजची पद्धत दोन पायऱ्यांची आहे. आधी शून्य आणि एक यांच्यामध्ये समान वितरणाची संख्या तयार होते, आणि मग तिचे प्रसामान्य वितरणात रूपांतर होते. आरमध्ये पहिल्या पायरीसाठी मर्सेन ट्विस्टर ही पद्धत मूळ निवड म्हणून असते. तिचा आवर्तनकाल, म्हणजे मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू होईपर्यंत निघणाऱ्या संख्या, २ चा १९९३७ वा घात उणे १ इतका प्रचंड आहे. दुसऱ्या पायरीसाठी आर सरळ क्यूनॉर्म वापरते: समान वितरणाची ०.०६६८ ही संख्या आली तर तिचे उणे १.५ होते. यात एक सूक्ष्म अडचण आहे. मर्सेन ट्विस्टरची एक संख्या ३२ बिटांची असल्याने ती शून्याच्या फार जवळ जाऊ शकत नाही, आणि एकाच संख्येवरून रूपांतर केले तर सुमारे ६.२ प्रमाण विचलनांपलीकडचे मूल्य कधीच निघणार नाही. म्हणून आर प्रत्येक प्रसामान्य संख्येसाठी समान वितरणाच्या दोन संख्या जोडून वापरते.

नमपायच्या १.१७ आवृत्तीपासून शिफारस केलेला मार्ग डिफॉल्ट आरएनजी हा आहे. त्यात पीसीजी६४ ही पद्धत समान वितरणाच्या संख्या देते आणि झिगुराट ही जलद पद्धत त्यांचे रूपांतर करते. बॉक्स आणि म्युलर यांनी १९५८ मध्ये मांडलेली पद्धत आजही शिकवली जाते आणि स्वतः लिहून पाहण्यास सुंदर आहे, कारण समान वितरणाच्या दोन संख्यांपासून ती दोन स्वतंत्र प्रसामान्य संख्या देते. समान वितरणाच्या बारा संख्यांची बेरीज करून त्यातून सहा वजा करण्याची जुनी युक्ती मात्र सोडून द्यावी. तिच्यातून सहाहून मोठे मूल्य निघूच शकत नाही आणि शेपटी आधीपासूनच बारीक पडते.

पहिली पायरी सदोष असेल तर दुसरी कितीही चांगली असून उपयोग नाही. आयबीएमच्या संगणकांवर १९६० च्या दशकात वापरात असलेल्या रँडू या पद्धतीत लागोपाठच्या तीन संख्या घेऊन त्रिमितीत बिंदू मांडले की ते सगळे फक्त १५ प्रतलांवर पडतात. एकेक संख्या पाहिली असता हा दोष दिसत नव्हता.

सीड ठेवणे

या संख्या ठरलेल्या नियमाने निघतात, त्यामुळे सुरुवातीचा आकडा, म्हणजे सीड, तोच ठेवला की तीच मालिका पुन्हा मिळते. आरमध्ये सेट.सीड(१२३) देऊन आरनॉर्म(३) विचारल्यास उणे ०.५६०४७५६५, उणे ०.२३०१७७४९ आणि १.५५८७०८३१ या संख्या आल्या पाहिजेत. वाचकाने आपल्या संगणकावर हे लगेच करून पाहावे. सीड सारखा ठेवला म्हणून वेगवेगळ्या भाषांत सारख्या संख्या येत नाहीत. ४२ हा सीड दिल्यावर आरची पहिली प्रसामान्य संख्या १.३७०९५८४५ असते, नमपायच्या जुन्या पद्धतीची ०.४९६७१४१५ आणि डिफॉल्ट आरएनजीची ०.३०४७१७०८.

सीड प्रोग्रॅमच्या आरंभी एकदाच द्यावा. तो लूपच्या आत दिला तर प्रत्येक फेरीत त्याच संख्या पुन्हा निघतात, हजार फेऱ्यांची उत्तरे तंतोतंत सारखी येतात आणि घाईत वाचणाऱ्याला पद्धत विलक्षण स्थिर आहे असे वाटते. भाषेची आवृत्तीही सीडसोबत नोंदवून ठेवावी. आरच्या ३.६.० आवृत्तीत सॅम्पल या फंक्शनची अंतर्गत पद्धत बदलली, त्यामुळे त्याआधी सॅम्पल वापरून काढलेली उत्तरे तोच सीड देऊनही आज जशीच्या तशी मिळत नाहीत. निष्कर्ष सीडवर अवलंबून नाही ना, हे पाहण्यासाठी शेवटी दोनतीन वेगळ्या सीडवर सारा प्रोग्रॅम पुन्हा चालवावा; मनासारखे उत्तर देणारा सीड शोधणे मात्र संशोधनातील अप्रामाणिकपणा आहे.

उत्तराची त्रुटी

५०० मिलिलिटरहून कमी भरलेल्या पिशव्यांचे प्रमाण आपल्याला ०.०६६८ असे अचूक माहीत आहे. तेच आरनॉर्मने १,००० पिशव्या काढून मोजले, तर उत्तराची प्रमाण त्रुटी p(१ − p)/n या राशीचे वर्गमूळ (p म्हणजे प्रमाण, n म्हणजे काढलेल्या पिशव्यांची संख्या), म्हणजे सुमारे ०.००७९ येते. याचा अर्थ एका वेळी ६ टक्के आणि दुसऱ्या वेळी ७.५ टक्के असे उत्तर आल्यास त्यात काहीही वावगे नाही. दहा लाख पिशव्या काढल्या तर त्रुटी ०.०००२५ वर येते. त्रुटी दहा पटींनी कमी करायची तर संख्या शंभर पटींनी वाढवाव्या लागतात, आणि हा हिशेब प्रोग्रॅम चालवण्यापूर्वीच करावा.

माझा आग्रह असा की यादृच्छिक संख्यांवरून काढलेले कोणतेही उत्तर त्याच्या प्रमाण त्रुटीविना लिहू नये, आणि त्रुटी परवानगी देते त्याहून अधिक दशांश स्थळे छापू नयेत.

स्वतंत्रतेचा प्रश्न

आता क्रेटकडे वळू. २४ पिशव्यांपैकी एकही ५०० च्या खाली नाही असा क्रेट किती वेळा मिळेल? पिशव्या एकमेकींपासून स्वतंत्र मानल्या तर उत्तर ०.९३३२ चा २४ वा घात, म्हणजे ०.१९० येते, शंभरात एकोणीस क्रेट निर्दोष. क्रेटमधील एकूण दूध १२,००० मिलिलिटरहून कमी भरण्याची संभाव्यताही स्वतंत्रता मानून लगेच निघते. एकूण दुधाचे माध्य १२,०७२ आणि प्रमाण विचलन २ × √२४, म्हणजे ९.८ मिलिलिटर असल्याने आपण माध्यापासून ७.३५ प्रमाण विचलने दूर असतो आणि संभाव्यता १०⁻¹³ च्या आसपास येते. व्यवहारात याचा अर्थ असे कधीच होणार नाही असा घेतला जाईल.

पण एकाच क्रेटमधल्या पिशव्या लागोपाठ भरल्या जातात. त्या वेळी दाब थोडा घसरलेला असेल किंवा दुधाचे तापमान बदललेले असेल, तर त्या क्रेटमधल्या साऱ्याच पिशव्या एकत्र कमी भरतात. म्हणून भरणाचे दोन भाग करू: क्रेटमधल्या सर्व पिशव्यांना सामाईक असलेला चढउतार, ज्याचे प्रमाण विचलन १.२ आहे, आणि प्रत्येक पिशवीचा स्वतःचा चढउतार, ज्याचे प्रमाण विचलन १.६ आहे. दोन्हींच्या वर्गांची बेरीज १.४४ + २.५६ = ४ होते, त्यामुळे सुटी पिशवी पाहिली तर काहीच बदललेले नाही: माध्य ५०३, प्रमाण विचलन २, कमी भरण्याची संभाव्यता तीच ०.०६६८. बदल फक्त इतकाच की एका क्रेटमधील कोणत्याही दोन पिशव्यांमध्ये आता १.४४ ÷ ४, म्हणजे ०.३६ इतका सहसंबंध आहे.

निर्दोष क्रेटचे प्रमाण आता एका साध्या घाताने मिळत नाही, म्हणून येथे संख्या काढणे योग्य ठरते. आरमधील प्रोग्रॅम असा:

सेट.सीड(१२३)
क्रेट <- १००००
सामाईक <- आरनॉर्म(क्रेट, ०, १.२)
स्वतःचा <- मॅट्रिक्स(आरनॉर्म(क्रेट * २४, ०, १.६), क्रेट, २४)
भरण <- ५०३ + सामाईक + स्वतःचा
मीन(अप्लाय(भरण, १, मिन) >= ५००)

उत्तर ०.४७ च्या जवळपास येते आणि त्याची प्रमाण त्रुटी ०.००५ असते. स्वतंत्रता मानून १९ टक्के आलेले प्रमाण ४७ टक्क्यांवर गेले, कारण कमी भरलेल्या पिशव्या आता थोड्याच क्रेटमध्ये एकवटतात आणि बाकीचे क्रेट स्वच्छ राहतात. एकूण दुधाचे उत्तर तर याहून धक्कादायक आहे, आणि ते संख्या न काढताच मिळते. सामाईक भाग चोवीसही पिशव्यांत तोच असल्याने एकूण दुधाचे प्रचरण २४² × १.४४ + २४ × २.५६, म्हणजे ८९०.८८ होते, प्रमाण विचलन २९.८५ होते आणि १२,००० हून कमी भरण्याची संभाव्यता पीनॉर्म(१२०००, १२०७२, २९.८५) वरून सुमारे ०.००८ येते. जे कधीच घडणार नव्हते ते आता दर सव्वाशे क्रेटमागे एकदा घडणार आहे. वितरण घंटाकृती आहे की नाही यावर आपण जेवढी चर्चा करतो, तेवढी काळजी नमुन्यातील स्वतंत्रतेची घेतली तर अनेक विश्लेषणे वाचतील.

या प्रोग्रॅममध्ये एक धोका आहे, तो नीट समजून घ्यावा. आरमध्ये मॅट्रिक्स स्तंभानुसार साठवला जातो, आणि त्यात एखादी यादी मिळवली की ती स्तंभानुसारच पुन्हा पुन्हा वापरली जाते. वर दहा हजार ओळी आणि २४ स्तंभ असल्याने प्रत्येक ओळीला, म्हणजे प्रत्येक क्रेटला, त्याचा स्वतःचा सामाईक चढउतार मिळतो. कोणी मॅट्रिक्स आडवा मांडून २४ ओळी आणि दहा हजार स्तंभ केले आणि किमान मूल्य स्तंभानुसार काढले, तर एकाच क्रेटमधल्या चोवीस पिशव्यांना चोवीस वेगवेगळे सामाईक चढउतार चिकटतात. लांबीचा भागाकार नि:शेष जात असल्याने आर इशारा देत नाही, सगळ्या संख्यांचे माध्य ५०३ आणि प्रमाण विचलन २ असेच येते, आणि उत्तर मात्र पुन्हा १९ टक्के येते. नमपायमध्ये दहा हजार ओळी आणि २४ स्तंभांच्या मॅट्रिक्समध्ये अशी यादी थेट मिळवली तर आकार जुळत नाहीत म्हणून बेरीज थांबते. १०,००० लांबीच्या यादीला आधी स्तंभाचा आकार द्यावा लागतो. या बाबतीत नमपाय अधिक सुरक्षित आहे.

सामाईक भागाऐवजी थेट सहप्रचरणाचा मॅट्रिक्स हाती असेल, तर त्याचे चोलेस्की विघटन करून (म्हणजे त्याला एक त्रिकोणी मॅट्रिक्स आणि त्याचाच परिवर्त यांच्या गुणाकाराच्या रूपात मांडून) स्वतंत्र प्रमाणित संख्यांना त्या त्रिकोणी मॅट्रिक्सने गुणावे. आरचे चोल हे फंक्शन वरचा त्रिकोणी मॅट्रिक्स देते, तर नमपायचे चोलेस्की खालचा; गुणाकाराची बाजू त्यानुसार ठरते. ही बाजू चुकली तरीही संख्या दिसायला ठीकच दिसतात.

तपासणी

आलेखाकडे पाहून समाधान मानू नये. स्तंभालेखात मधला भाग डोळ्यात भरतो आणि शेपटीचा दोष लपतो, म्हणून क्यूक्यूनॉर्म आणि क्यूक्यूलाइन यांनी काढलेला, क्रमाने लावलेल्या संख्यांची प्रसामान्य वितरणाच्या अपेक्षित मूल्यांशी तुलना करणारा आलेख पाहावा. बिंदू रेषेपासून टोकांना वळत असतील तर शेपटी वेगळी आहे. एका प्रमाण विचलनाच्या आत ६८.२७ टक्के, दोनच्या आत ९५.४५ आणि तीनच्या आत ९९.७३ टक्के मूल्ये पडायला हवीत, अर्थात प्रमाण त्रुटीच्या मर्यादेत. संख्या प्रसामान्य आहेत का हे तपासणारी शॅपिरो-विल्क चाचणी आरमध्ये ५,००० पेक्षा अधिक संख्यांवर चालत नाही, आणि खऱ्या माहितीवर ती मोठ्या नमुन्यात क्षुल्लक फरकालाही नापास करते, त्यामुळे तिच्यावर निर्णय सोडू नये.

प्रोग्रॅमच्या तपासणीसाठी दोन गोष्टी मी आवश्यक मानतो. एक, ज्या स्थितीत उत्तर आधीच माहीत आहे तेथे प्रोग्रॅम चालवावा: सामाईक भागाचे प्रमाण विचलन शून्य आणि स्वतःच्या भागाचे २ ठेवले तर ०.१९० आले पाहिजे. परंतु मॅट्रिक्सची मांडणी चुकली असली तरी ही तपासणी पार पडेल, कारण तिच्यात सामाईक भागच नाही. म्हणून दुसरी: मूळ प्रोग्रॅममध्ये एका क्रेटमधील पहिल्या आणि दुसऱ्या पिशवीचा सहसंबंध सर्व क्रेटवर काढावा. दहा हजार क्रेटवर तो ०.३६ च्या आसपास, साधारण ०.००९ च्या प्रमाण त्रुटीने यायला हवा. शून्याजवळ आला तर मांडणी चुकलेली आहे. ज्या गृहीतकाभोवती प्रश्न फिरतो त्याला थेट हात घालणारी तपासणी नेहमी एक तरी असावी.

मर्यादेत कापलेले वितरण

यंत्रापुढे वजनकाटा बसवला आणि ५०० हून कमी भरलेल्या पिशव्या बाजूला काढल्या, तर पुढे जाणाऱ्या पिशव्यांचे वितरण कापलेले असते. हे दाखवण्यासाठी पीमॅक्स वापरून ५०० खालच्या प्रत्येक संख्येला ५०० करण्याची सवय पुष्कळांना आहे, आणि ती चुकीची आहे: त्याने ५०० वर ६.७ टक्के पिशव्यांचा ढीग तयार होतो आणि माध्य ५०३.०६ येते, तर खऱ्या कापलेल्या वितरणाचे माध्य ५०३.२८ आणि प्रमाण विचलन १.७६ असते. योग्य रीत अशी की आधी पीनॉर्म(५००, ५०३, २) आणि एक यांच्यामध्ये रनइफ या फंक्शनने समान वितरणाच्या संख्या काढाव्यात आणि त्या क्यूनॉर्मला द्याव्यात. नको त्या संख्या टाकून पुन्हा काढणे हेही बरोबरच आहे, पण मर्यादा शेपटीत दूर असेल तर जवळपास सगळ्याच संख्या टाकाव्या लागतात.

माध्य आणि प्रमाण विचलन तरी कोठून आले

५०३ आणि २ हे आकडे कोणी तरी नमुन्यावरून मोजलेले असतात. स्वतंत्रपणे निवडलेल्या ५० पिशव्यांवरून काढलेल्या प्रमाण विचलनात सुमारे दहा टक्के त्रुटी असते, म्हणजे खरे मूल्य १.८ किंवा २.२ असणे सहज शक्य आहे. माध्य तेच ठेवले तरी कमी भरलेल्या पिशव्यांचे प्रमाण पहिल्या स्थितीत ४.८ टक्के आणि दुसऱ्या स्थितीत ८.६ टक्के होते. दहा लाख संख्या काढून ०.०६६८ चे तिसरे दशांश स्थळ पक्के केल्याने ही अनिश्चितता तसूभरही कमी होत नाही. ती उत्तरात आणण्यासाठी प्रत्येक फेरीत आधी प्रमाण विचलनच काढावे: नमुन्यातील प्रमाण विचलनाला, ४९ भागिले आरकायस्क्वेअर(१, ४९) या राशीच्या वर्गमुळाने गुणावे, मग त्या प्रमाण विचलनाला √५० ने भागून त्या पसरणीने नमुन्याच्या माध्याभोवती एक माध्य काढावे, आणि या जोडीवरून पीनॉर्मने प्रमाण मोजावे. हजारो फेऱ्यांनंतर मिळणाऱ्या प्रमाणांची मधली ९५ टक्के पट्टी व्यवस्थापकाला द्यावी.

अनेक प्रोसेसरवर काम वाटताना

फेऱ्या अनेक प्रोसेसरवर वाटल्या की वर सांगितलेली स्वतंत्रता आणखी एका ठिकाणी धोक्यात येते. प्रत्येक प्रोसेसरला तोच सीड मिळाला तर आठ प्रोसेसर एकच काम आठदा करतात, आणि मोजलेली प्रमाण त्रुटी खरीहून √८ पटींनी लहान दिसते. १, २, ३ असे लागोपाठचे सीड हाताने देण्यापेक्षा यासाठी बनवलेली सोय वापरावी. आरमध्ये आरएनजीकाइंड या फंक्शनने लेक्युएर यांची पद्धत निवडून पॅरलल पॅकेजमधील क्लस्टरसेटआरएनजीस्ट्रीमने प्रत्येक प्रोसेसरला स्वतंत्र प्रवाह देता येतो; नमपायमध्ये सीडसीक्वेन्स या वस्तूच्या स्पॉन या सोयीने एका मूळ सीडपासून हवे तितके प्रवाह निघतात. कोणत्या फेरीला कोणता प्रवाह द्यायचा हे फेरीच्या क्रमांकावरून ठरवावे, प्रोसेसर मोकळा होण्याच्या क्रमावरून ठरवू नये, म्हणजे चार प्रोसेसरच्या संगणकावर काढलेले उत्तर सोळा प्रोसेसरच्या संगणकावरही तेच येते.